वाढून घेतलेलं ताट

आई गेली तो मंगळवार होता. गॅसवर कुकर होता. शिट्टी झाली, मग दुसरी झाली, आणि कोणी गॅस बंद केला नाही. मी पडवीत वाचत होते. भात जळल्याचा वास आला तेव्हा उठले. आई ओट्यापाशी पडली होती. अण्णा कामावर होते.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. ते मी मान्य केलं. तिच्या कपाळावर एक जुनी खूण होती, भुवईच्या वर, ताटाच्या कडेची. डॉक्टरांनी त्या खुणेकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

आमचं घर मळवलीत, स्टेशनापासून शेताशेतानं चालत गेलं की लागतं. दोन खोल्या, मागे पडवी, पुढे अंगण आणि अंगणाला लागून भाताचं एक खाचर. मी लोणावळ्याच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावाबाहेरच्या एका बंगल्याची राखण करतात. मालक शहरात असतात, बंगला शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्यानं जातो. अण्णा फाटक उघडतात, पाणी तापवतात, पाहुण्यांचं हवं-नको पाहतात. एवढंच मला तेव्हा माहीत होतं. घरी आल्यावर ते काय करतात ते मात्र लहानपणापासून माहीत होतं.

अण्णा ताट फेकायचे. मीठ कमी पडलं तर, जास्त पडलं तर, भाकरीला पापुद्रा सुटला नाही तर, आणि कधी कशासाठी ते कोणालाच कळायचं नाही. ताट वाढून समोर आलं की पहिला घास तोंडात जायचा आणि आई ओट्याला पाठ लावून उभी राहायची. त्या घासानंतरचा क्षण मी पडवीतून ऐकत असे. काही झालं नाही तर भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. झालं तर आधी ताट भिंतीवर आदळायचं, मग वाटी, मग आई. नंतर आई ताट अंगणात घेऊन जायची आणि वाकलेली कड वरवंट्यानं ठोकून सरळ करायची. आमच्या घरची सगळी ताटं तशी ठोकलेली होती. टेबलावर ठेवली तर डगमगली असती. आमच्याकडे टेबल नव्हतं.

भिंतीवर हळदीचे डाग पडत. आई दर दिवाळीला चुना द्यायची. होळीपर्यंत डाग पुन्हा वर येत, जुन्यासकट.

तिनं मला स्वयंपाकघरात कधी थांबू दिलं नाही. शेजारच्या मुली चौथीत भाकऱ्या थापायच्या. मी आईला म्हटलं होतं, मला पण शिकव ना.

"शिकलीस की तुझ्या पदरात पडलीच म्हणून समज," ती म्हणाली. "जिला येत न्हाई तिच्याकडं कोण मागत न्हाई. पुस्तक घे नि पडवीत जा."

मी पुस्तक घेऊन पडवीत गेले. लग्न केलं नाही. ज्या घरात चूल आहे त्या घरात मला नव्यानं जायचं नव्हतं. आई गेली तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते आणि मला फक्त चहा येत होता.

प्रेत नेल्यावर घरात चूल पेटवायची नसते. सोयरे बाहेरून शिजवून आणतात आणि घरच्यांना बळेच भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, वडिवळ्याहून टोपलीत पिठलं आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आली. रडून तिचा आवाज गेला होता. तिनं माझ्या तोंडात घास कोंबला, मग ताट वाढून अण्णांपुढे ठेवलं. अण्णांनी घास घेतला. नकळत मी ओट्याला पाठ लावली. तेव्हा लक्षात आलं की आई उभी राहायची त्याच जागी मी उभी आहे.

"मीठ न्हाई ह्यात," अण्णा म्हणाले.

"मीठ हाय, दाजी," मावशी म्हणाली. "तुमची जीब मेलीया, तिला काय करू?"

अंगणात माणसं बसली होती. अण्णांनी ताट हळूच बाजूला सरकवलं. चारचौघांत ते ताट फेकत नसत.

सुतक होतं तोवर घरात फोडणी नव्हती. सुतकात देत नाहीत. मावशी राहिली होती, ती उकडलेलं करायची, डाळ आणि भात. अण्णा मुकाट्यानं खायचे. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. तेरावं झालं, गोड जेवण झालं, मावशीची भात-लावणीआधीची कामं खोळंबली होती. जाताना ती म्हणाली, "चल माज्यासंगं. हितं काय ऱ्हायलंय तुजं?"

"स्वयंपाकघर," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. पण ते खरं होतं. आईनं आयुष्य त्या दहा पावलांच्या खोलीत काढलं होतं आणि ती खोली मी अण्णांना द्यायला तयार नव्हते. मला तिथं फक्त एक गोष्ट हवी होती. तिथं शिजलेलं अन्न तिथंच, बसून, खाल्लं जावं. भिंतीवर जाऊ नये. माझ्या अंगावर येऊ नये. ते होत नाही असं ठरलं असतं तर मी लोणावळ्यात खोली घेतली असती. पैसे होते. पण आधी पाहायचं ठरवलं.

पहिली फोडणी मी वरणाला दिली. शाळेच्या ग्रंथालयातून पाककृतींची पुस्तकं आणली होती. त्यांत लिहिलं होतं, तेल तापल्यावर मोहरी घालावी. तेल तापलं हे कसं ओळखायचं ते लिहिलेलं नव्हतं. मी थांबले. तेलातून धूर निघायला लागला. मोहरी टाकली आणि ती छर्र्यांसारखी उडाली, हातावर, गळ्यावर, चष्म्याच्या काचेवर. मी घाबरून लसूण, मिरची, हिंग सगळं एकदम ओतलं. लसूण काळा झाला. मिरचीचा ठसका दोन्ही खोल्यांत भरला.

अण्णा खोकत आत आले. त्यांनी सांडशीनं फोडणीचं पळं उचललं आणि माझ्याकडे फेकलं.

मी हात आडवा धरला. तेल कोपरापासून मनगटापर्यंत सांडलं. पळं भिंतीवर आपटून खाली पडलं आणि बराच वेळ गोल फिरत राहिलं.

"तुज्या आईनं तुला काय शिकिवलं न्हाई," अण्णा म्हणाले.

"हे शिकवायचं नव्हतं तिला," मी म्हणाले. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. खोकत खोकत ते बाहेर गेले होते.

मी नळाखाली हात धरून मावशीला फोन लावला.

"आगं, मव्हरी गप बसली की मग लसूण," मावशी म्हणाली. "आधीच कशापायी टाकलास?"

"पुस्तकात सगळं एका ओळीत लिहिलंय."

"मग पुस्तकालाच फोडणी दे. हात कितपत भाजला?"

"कातडी निघालीय."

मावशी म्हणाली, "अक्काच्या, तुज्या आईच्या, पाठीवर बी एक डाग हाय तसाच. व्हता."

तो उन्हाळा आणि नंतरचे पावसाचे दिवस मी अशीच शिकले, फोन कानाला आणि खांद्याला दाबून.

"मीठ किती घालू?"

"भाजीला लागंल येवढं."

"भाजीला किती लागतं?"

"तिलाच इचार की! माज्या घरात बसून मला तुजी भाजी दिसतीया व्हय?"

पुस्तकांत लिहिलेलं असे, चवीनुसार मीठ. कोणाच्या चवीनुसार, ते नसे. आमच्या घरात चव एकाच जिभेला होती. मी मीठ घालायचे आणि त्या जिभेचा विचार करायचे आणि जास्त पडायचं. मग ताट जायचं. वांग्याची भाजी भिंतीवर गेली. मुगाची आमटी माझ्या साडीवर आली. उकड काढताना वाफेनं बोटं पोळली, त्या बोटांनी थापलेली भाकरी तव्यावर तडकली, आणि ती अण्णांनी अंगणात भिरकावली. कुत्र्यानं हुंगून सोडून दिली. अण्णा हसले.

"कुत्रंबी खाईना, मास्तरीणबाई."

मास्तरीण ते मला चिडवायला म्हणायचे. मी शिकवत नाही, पुस्तकं देते-घेते, हे त्यांना ठाऊक होतं.

मी मार खाल्ला तोही लिहिते. कानशिलावर, पाठीत, एकदा केस धरून डोकं ओट्यावर. आई असताना त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. आता समजलं की ती जागा रिकामी राहत नाही. ताट वाढून जी उभी राहते तिची ती जागा. कोण उभी आहे याच्याशी अण्णांना देणंघेणं नव्हतं.

आषाढात मावशी खेकडे घेऊन आली. वडिवळ्याच्या ओढ्यातले, काळ्या पाठीचे. तिनं पिशवी मोरीत उपडी केली आणि ते फरशीवर खडखडत चारी बाजूंना पळाले. एक माझ्या पायाखाली आला, मी ओरडले.

"मागनं धर," मावशी म्हणाली. "पुढनं धरशील तर तो तुला धरंल. आन् आधी नांग्या मोड. मोठी पयली. नांगी गेली की मग तो गरीब."

मी मागून धरला. त्यानं नांगी उलटी वळवून माझं बोट पकडलं. हाडापर्यंत कळ गेली. मावशीनं उलथनं घेतलं आणि त्याच्या पाठीवर असं हाणलं की कवच फुटून पिवळं पाणी उडालं. तरी नांगी सुटली नाही. ती तिनं सांध्यापासून तोडली, मग बोटावरून उकलली. रक्त टपकत होतं.

"मेला तरी सोडत न्हाई बघ," ती म्हणाली. "पुरुषाच्या जातीचाय."

मग आम्ही एकेक धरून मोडले. कटकट आवाज येत होता. पहिल्या दोघांना माझा हात कचरला, नंतर कचरला नाही. नंतर तर मला ते करायला आवडलं, हे मला तेव्हाच जाणवलं आणि मी मावशीकडे पाहिलं नाही. बारीक तंगड्या पाट्यावर घेऊन वरवंट्यानं ठेचायच्या, पाणी घालून तो रस गाळायचा, आणि त्याचा रस्सा करायचा. मी ठेचत होते. मावशी कांदा भाजत बोलत होती.

"आमच्या ह्यांनी एकदाच हात उगारलेला. नवी व्हते मी. तव्यावर उलथनं तापत व्हतं, तेच त्यांच्या मनगटावर ठेवलं. पुन्यांदा न्हाई उगारला. अक्काला सांगितलं तर लय हसली. म्हनली, तुजं बरं हाय, तुजा दादला भित्रा हाय."

अण्णा उंबऱ्यावर येऊन बसले होते. "काय शिकिवतीस गं पोरीला, वडिवळेकरीण?"

"सैपाक, दाजी."

त्या दुपारी मावशीनं वाढलं. अण्णा जेवले, बोटं चाटली, रस्सा पुन्हा मागितला. मावशीची कामशेतची गाडी होती, ती गेली. संध्याकाळी अण्णा परत बसले आणि मी वाढलं. तोच रस्सा, तेच भांडं.

"पानी हाय नुसतं," ते म्हणाले आणि वाटी फेकली.

वाटी माझ्या भुवईवर लागली. मी डोळा पुसला तर हात लाल झाला. आईची खूण होती तिथंच. अण्णा उठले आणि अंगणातल्या नळावर हात धुवायला वाकले. माझ्याकडे पाठ होती. पाटा-वरवंटा दारापाशीच होता, सकाळपासून धुवायचा राहिला होता. मी वरवंटा उचलला. तो जड होता, खेकड्याच्या वासाचा होता, आणि माझ्या हातात बरोबर बसला. मी दारात उभी राहिले. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते. मी अंतर पाहिलं. दोन पावलं. त्यांच्या डोक्याचं काय होईल ते मला माहीत होतं, सकाळभर मी तेच करत होते.

माझा हात रक्तानं ओला होता. वरवंटा हातातून निसटला आणि पाट्याच्या कोपऱ्यावर पडला. कोपरा उडाला.

अण्णा वळले. "काय पडलं?"

"वरवंटा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हाताकडे. तो हात तसाच, धरल्यासारखा, वर होता. त्या रात्री त्यांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मी त्यांना भीत होते, तसे तेही कधी भितील असं मला वाटलं नव्हतं. मला त्यातून समाधान मिळालं नाही. वरवंटा निसटला नसता तर काय, याचं उत्तर मला माहीत होतं. हे असंच चाललं तर एक दिवस तो निसटणार नाही, हेही.

त्यानंतरच्या शनिवारी अण्णा फोन घरी विसरले. बंगल्याच्या मालकांचे फोनवर फोन येत होते, म्हणून मी तो द्यायला गेले. पावसात सगळ्या बंगल्यांतून गाणी वाजत होती. आमच्या, म्हणजे अण्णांच्या, बंगल्याच्या व्हरांड्यात दहा-बारा तरुण जेवायला बसले होते. अण्णा वाढत होते.

मी फाटकाशीच थांबले. अण्णांच्या खांद्यावर पांढरा नॅपकिन होता. डाव्या हातात भाताचं पातेलं, उजव्यात डाव. ते कमरेत वाकून प्रत्येकाच्या ताटात भात घालत होते, कडेनं, अलगद, एक शीत बाहेर न सांडता. "घ्या सायेब. आनखी थोडा. रस्सा गरम हाय, जपून." हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

एकानं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काका, ये क्या है? चिखल है एकदम." त्यानं ताट ढकललं. ते टेबलावरून घसरलं आणि अण्णांच्या पायावर पडलं. रस्सा त्यांच्या पायजम्यावर उडाला. बाकीचे हसले.

अण्णाही हसले. "बदलून देतो की, सायेब." ते खाली बसले आणि फरशीवरचा भात हातानं गोळा करायला लागले. मान वर केली तेव्हा त्यांना मी दिसले.

मी फोन फाटकाच्या खांबावर ठेवला आणि निघाले. मला वाचणाऱ्यांनी क्षमा करावी, पण मला त्यांची कीव आली नाही. आईनं फरशीवरचं अन्न असंच किती वेळा गोळा केलं होतं, आणि तिला कोणी बदलून मागितलंही नव्हतं. मला तिथं फक्त एक गोष्ट कळली आणि ती घेऊन मी शेताच्या बांधावरून घरी आले. अण्णांना वाढता येतं.

सोमवारी मी भात आणि वरण केलं. भांडी ओट्यावर ठेवली, वर झाकणं, बाजूला डाव आणि पळी. माझं ताट घेतलं, माझं वाढून घेतलं, आणि खाली बसून जेवायला लागले. आमच्या घरात बाई पुरुषाआधी कधी जेवली नव्हती.

अण्णा येऊन नेहमीच्या जागी बसले. "वाढ."

"भांडी ओट्यावर आहेत, अण्णा. वाढून घ्या."

"काय?"

"वाढून घ्या. तुम्हाला येतं."

ते उठले. शनिवारचं सगळं त्या फटक्यात होतं. मी ताटावर आडवी पडले. त्यांनी केस धरून मला उठवलं आणि पुन्हा मारलं, तोंडावर. "बापाला वाढायला लाज वाटती? बंगल्यावर बघितलंस म्हनून? आं?"

ते दमून बाजूला झाले तेव्हा मी ताट पुढे ओढलं आणि जेवण संपवलं. ओठ फाटला होता, वरण तिथं झोंबलं. मीठ बरोबर पडलं होतं.

त्यांनी वाढून घेतलं नाही. स्टेशनाजवळ वडापाव खाल्ला. दुसऱ्या दिवशीही मी तसंच केलं, आणि नंतरही. ते बंगल्यावरचं उरलंसुरलं खायचे, नाहीतर उपाशी झोपायचे. रागानं त्यांनी माठ फोडला. शेगडीला लाथ मारली. लाथ येणार हे मला दिसलं होतं, मी आधीच रेग्युलेटर बंद केला होता. एका सकाळी त्यांनी मांडणीवरची सगळी ताटं काढली आणि एकेक करून पुढच्या खाचरात भिरकावली. लावणी नुकतीच झाली होती. ताटं रोपांवरून चकाकत गेली आणि चिखलात रुतली.

"आता घे वाढून!" ते ओरडले.

मी खाचरात उतरले, हाताशी आली ती दोन ताटं काढली आणि धुतली. बाकीची राहू दिली.

फोनवर मावशी म्हणाली, "आगं, मरंल तो उपाशी."

"वडापाव खातात."

"आन् तू मरशील मार खाऊन."

"मावशी, ताट माझ्या हातातून त्यांच्या हातात गेलं की ते उडतं. माझ्या हातातून जाणारच नाही."

"लय शिकलीस," ती म्हणाली. ती रागानं म्हणाली की कसं, ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं गाडीवाल्याच्या हाती सुकट आणि लसणाची चटणी पाठवली.

गणपती गेले, पाहुण्यांची गर्दी ओसरली, बंगल्यावर उरलंसुरलं मिळेनासं झालं. एका दुपारी मी पडवीत वाचत होते आणि स्वयंपाकघरातून डावाचा आवाज आला. पातेल्याच्या तळाला डाव घासला, मग थांबला. मी हलले नाही. मग हळूच डोकावले. अण्णा ओट्यापाशी उभे होते. त्यांनी ताट घेतलं नव्हतं. पातेल्याचं झाकण उलटं धरून त्यात भात घेतला होता, वर वरण, आणि भिंतीकडे तोंड करून उभ्यानं खात होते. खाऊन झाल्यावर त्यांनी झाकण विसळलं आणि पुन्हा पातेल्यावर ठेवलं, कोणी खाल्लंच नाही असं.

पुढे ते बसायला लागले. पुढे ताट घ्यायला लागले. शिव्या तशाच होत्या. "ही काय आमटी? हिला आमटी म्हंत्यात?" पण त्या आमटीची पळी त्यांनीच घातलेली असे, आणि ताट खालीच राहत असे. मला अजून भरवसा नव्हता. पहिल्या घासाला माझे खांदे वर जायचे.

भात पिकला, कापला. कापणाऱ्या बायकांचे विळे चिखलातल्या ताटांना लागून खणखणले. एकीनं विचारलं, "ताई, तुमच्याकडं ताटं बी पिकत्यात व्हय?" मी हसले. अण्णा बांधावर होते, ते दुसरीकडे बघायला लागले.

गिरणीतून नवा इंद्रायणी आला. जुन्या तांदळाला पाणी जास्त लागतं, नव्याला कमी. इथं हे कोणाला सांगावं लागत नाही. आई नव्या पोत्यातला मूठभर आधी शिजवून पाहायची आणि मग माप ठरवायची. मला हे माहीत होतं. पण माझा हात जुन्या मापावर बसला होता, फार कष्टानं बसला होता, आणि त्या दिवशी मी विचार न करता तेवढंच पाणी घातलं. झाकण उघडलं तर भात नव्हता. चिकट, पांढरा लगदा होता. वास मात्र घरभर सुटला होता.

शाळेची वेळ होत होती. मी माझं वाढून घेतलं आणि बसले. अण्णा आले, त्यांनी डाव घातला. डावाला भात धरून राहिला, झटकल्यावर गोळा ताटात पडला. त्यांनी दुसरा डाव घेतला, वर आमटी घेतली, समोर बसले. घास घेतला.

"हा भात हाय का खळ?"

"नवा तांदूळ आहे. पाणी जास्त झालं."

"अक्कल हाय का? वास बघ कसला, आन् मातेरं केलंस!"

त्यांनी ताट उचललं. खांद्यापर्यंत नेलं. त्या उंचीला ताट गेलं की आई खाली वाकायची. मी वाकले नाही. माझ्या तोंडात घास होता, तो मी चावत राहिले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. ताट त्यांच्या हातात कललं. आमटी कडेवरून त्यांच्या मनगटावर ओघळली. ते स्वतःच वाढलेल्या भाताकडे बघत होते.

त्यांनी ताट खाली ठेवलं. मग उठून पातेल्यातला डाव उचलला आणि भातासकट भिंतीवर फेकला. तो माझ्या डोक्यावरून गेला. डाव खाली पडला, भात भिंतीला चिकटून राहिला.

मग ते बसले आणि जेवले. ताटात होतं ते सगळं संपवलं. मीही संपवलं. मी माझं ताट धुतलं आणि लोकल पकडायला गेले.

भिंत मी पुसली नाही. भात वाळून दगडासारखा झाला. आईनं त्याच वेळी पुसली असती. नंतर एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर अण्णा उलथन्यानं भिंत खरवडत होते.

"मुंग्या येत्यात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

त्यानंतर ताट उडालेलं नाही, हात उठलेला नाही. त्यांनी माफी मागितली नाही आणि मी मागितलेली नाही. आईबद्दल आम्ही बोलत नाही. या दिवाळीला चुना मी दिला नाही, म्हणून भिंतीवर हळदीचे जुने डाग आहेत आणि त्यांच्यामध्ये एक खरवडलेली जागा आहे. पाट्याचा एक कोपरा नाही. माझ्या हातावर भाजल्याची खूण आहे. घरात दोन ताटं आहेत. भात मला येतो.